खुराड्यातल्या पिसवा: औषध मारूनही महिन्याभरात परत का येतात?

तक्रार साधारण अशी असते. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात जायला तयार नसतात, दारापाशी घुटमळतात, एखादी सरळ आंब्यावर नाहीतर गोठ्याच्या वाशावर जाऊन बसते. तुरे फिके पडलेत, अंडी कमी झालीत, कवचावर बारीक लालकाळे ठिपके दिसतात. अंडी काढायला हात आत घातला की मनगटावर काहीतरी चुरचुरत वर चढतं. मग दुकानातून पावडर येते, एकेक कोंबडी पकडून तिच्या पंखाखाली चोळली जाते. आठ-दहा दिवस बरं वाटतं आणि महिना उलटायच्या आत पुन्हा तेच.

पावडर दरवेळी खोटी असते असं नाही. ती चुकीच्या जागी पडते. आपल्याकडे या सगळ्या किड्यांना सरसकट पिसवा म्हणतात, पण हा उपद्रव बहुतेक वेळा लाल माइटचा असतो, शास्त्रीय नाव डर्मानिसस गॅलिनी. हा दिवसा कोंबडीच्या अंगावर सहसा सापडत नाही. बसायच्या दांडीच्या भेगेत, खिळ्याच्या भोकात, दोन फळ्यांच्या सांध्यात, कौलाखालच्या रिपेवर तो दडून असतो. अंधार पडला की बाहेर येतो, झोपलेल्या कोंबडीवर चढतो, अर्धा-पाऊण तास रक्त पितो आणि पुन्हा आपल्या भेगेत. भुकेला असताना राखाडी, पोट भरलं की लाल. आकार जेमतेम १ मिलीमीटर. तुम्ही सकाळी कोंबडी उलटीपालटी करून बघता, काही दिसत नाही, आणि तरीही तिच्या अंगाला पावडर लावता. चोर दुसऱ्या घरात आणि झडती तिसऱ्याच्या घरी.

म्हणून औषधाआधी एक रात्र तपासणीला द्या. यात कंटाळा केला तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

काळोख पडून दोनेक तास झाले की बॅटरी आणि पांढऱ्या कपड्याचा तुकडा घेऊन खुराड्यात जा. दांडीच्या खालच्या अंगाने कापड दाबून फिरवा. कापडावर लाल फराटे उठले तर लाल माइट आहे, दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. दिवसा बघायचं असेल तर दांडी जिथे टेकते तो सांधा बघा. तिथे मिरपूड आणि मीठ एकत्र सांडल्यासारखी राखाडी भुकटी दिसते. ती धूळ नव्हे, माइटची विष्ठा आणि टाकलेल्या काती असतात. दांडी उचलून आपटली की त्या भुकटीतून जिवंत किडेही चालू लागतात.

त्याच वेळी एक-दोन कोंबड्या उचलून शेपटीखाली, गुदद्वाराच्या आसपासची पिसं फुंकर मारून बाजूला करा. तिथली पिसं मळकट काळी पडलेली, कातडीवर खपल्या आणि त्यात बारीक काळपट किडे भराभर चालताना दिसले, तर तो वेगळा माइट. उष्ण प्रदेशातला हा ऑर्निथोनिसस जातीचा माइट रात्रंदिवस कोंबडीच्या अंगावर राहतो, तिथेच वाढतो आणि घरट्यातल्या काडीकचऱ्यातही असतो. यावर मात्र कोंबडीच्या अंगावर औषध लावावंच लागतं. पिसं बाजूला करताच गव्हाळ रंगाचे चपटे किडे पळत सुटले आणि पिसाच्या मुळाशी पांढऱ्या लिखांचे गठ्ठे चिकटलेले असले तर त्या उवा. त्या रक्तावर नव्हे, मुख्यतः पिसं आणि कातडीचा कोंडा यावर जगतात. त्रास देतात, पण लाल माइटसारखं कोंबडीला पांढरंफटक करत नाहीत. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळे टिपके घट्ट रुतून बसलेले असतील तर ती खरी पिसू, चिकटून बसणारी. आणि पायाचे खवले वर उचलून पांढरट, खडबडीत पापुद्रे आले असतील तर तो पायातला माइट. त्याबद्दल खाली.

एक सावधगिरी. तुरा फिका पडायला जंत आणि रक्ती हगवणही कारण असू शकते. कापडावर काहीच उमटलं नाही, अंगावरही काही नाही, तर माइटच्या मागे लागू नका, विष्ठा तपासून घ्या.

आता लाल माइटच आहे असं धरून चालू. ९० टक्के ताकद खुराड्यावर खर्च करायची, कोंबडीवर नव्हे.

दिवस उन्हाचा निवडा. कोंबड्या सकाळी चरायला सोडल्या की दाणापाण्याची भांडी, अंडी, घरट्याच्या पाट्या सगळं बाहेर काढा. खालचं तूस, पेंढा, शीट एकूण एक खरवडून पोत्यात भरा आणि त्याच दिवशी जाळा किंवा पोत्याचं तोंड बांधून कडक उन्हात ठेवा. खुराड्याशेजारी ढीग मारून ठेवलात तर रात्री सगळी फौज पायी परत येते. हे इतक्या ठिकाणी बघितलंय की आता कुणाचं खुराडं बघायला गेलो तर आधी मागच्या बाजूचा ढीगच बघतो.

मग दांड्या. काढता येत असतील तर काढाच, आणि येत नसतील तर पुढच्या वेळी येतील अशा बसवा. जंगलातून आणलेली सालीसकट फांदी दांडी म्हणून छान दिसते, पण साल आणि लाकूड यांच्यामधली फट म्हणजे माइटची आयती वस्ती. साल तासून टाका. बांबूचं प्रकरण आणखी वाईट: तो उन्हाने चिरतो, टोकाला पोकळ असतो, आणि त्या पोकळीत कुठलाही ब्रश जात नाही. बांबूच वापरायचा असेल तर टोकं सिमेंटने नाहीतर मातीच्या गोळ्याने बंद करा. लोखंडी पाइपाचीही टोकं उघडी ठेवू नका.

लाकडाच्या सांध्यांवर उकळतं पाणी ओता. स्वस्त आहे, अवशेष राहत नाही, आणि भेगेत खोल जाईल तिथे माइट आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. काही जण गॅसच्या टॉर्चने भेगा शेकतात. लोखंडी जाळी आणि सिमेंटवर ठीक, पण झापाच्या किंवा गवताच्या छपराखाली हा उद्योग करू नका. माइट ४५ अंशांच्या वर फार काळ तग धरत नाहीत, म्हणून काढलेल्या दांड्या आणि पाट्या काळ्या प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवस ठेवल्या तरी काम होतं. विदर्भ-मराठवाड्यात हा उपाय फुकटात मिळतो. कोकणात जुलैमध्ये त्याचा विचारही करू नका.

कोकणातली खरी अडचण म्हणजे भिंत. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, त्याला हजार भोकं. न गिलावलेल्या चिऱ्याच्या खुराड्यात कितीही फवारा, आतली फौज शाबूत राहते. आतल्या बाजूने गिलावा करून घ्या, निदान दांडीच्या उंचीपर्यंत. तेवढा खर्च नको असेल तर कळीचा चुना भिजवून, गाळून, दाट सफेदी दोन हात मारा. चुन्याने भोकं बुजतात, आतले किडे अडकून सुकतात आणि पुढच्या वेळी माइटचे डाग पांढऱ्यावर लगेच दिसतात. चुना विझवताना तो उसळतो, डोळे जपा. शेणाने सारवलेली भिंत वाळली की तडकते आणि नव्या भेगा तयार होतात, त्यामुळे खुराड्यात सारवण मला पटत नाही. जमिनीला हवं तर सारवा.

एवढं झाल्यावर फवारणी. आपल्याकडे पशुवैद्यकीय दुकानात डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन सहज मिळतं. पुड्यावर किंवा बाटलीवर लिहिलेली मात्राच घ्या, ‘थोडं जास्त टाकू म्हणजे मुळासकट जाईल’ हे नको. पंपाचं नोझल फवाऱ्यावर न ठेवता बारीक धारेवर ठेवा आणि प्रत्येक सांध्यात, खिळ्याच्या भोकात, दाराच्या बिजागरीत, रिपांच्या वरच्या अंगाला धार मारा. भिंतीच्या मोकळ्या पृष्ठभागावर औषध वाया घालवू नका, माइट तिथे नसतोच. हातमोजे घाला, नाकातोंडाला रुमाल बांधा. ही औषधं माशांना आणि मांजरांना फार विषारी आहेत, तेव्हा उरलेलं पाणी विहिरीच्या काठी किंवा वहाळात ओतू नका आणि घरच्या मांजरीला दिवसभर लांब ठेवा. खुराडं पूर्ण वाळल्याशिवाय कोंबड्या आत घेऊ नका.

रसायन नको असेल तर कडुनिंबाचं तेल साधारण १० मिलीलीटर, १ लिटर कोमट पाण्यात थोडा पातळ साबण घालून चांगलं घुसळा आणि तसंच भेगांत मारा. नुसतं साबणाचं पाणीही ज्या किड्याला पूर्ण भिजवतं त्याला मारतं. फरक इतकाच की यांचा असर मागे राहत नाही. जो भिजला तो मेला, जो सुटला तो सुटला. म्हणून हे उपाय लवकर लवकर करावे लागतात.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे सोडून देतात ती गोष्ट: दुसरी फेरी. फवारणीने चालते-फिरते किडे मरतात, अंडी बहुतेक वाचतात. उबदार, दमट हवेत अंडं दोन-तीन दिवसांत फुटतं आणि आठवड्याभरात त्याचा रक्त पिणारा, अंडी घालणारा प्रौढ होतो. एक मादी आयुष्यात तीसेक अंडी घालते, आणि दर खेपेला अंडी घालण्याआधी तिला रक्त लागतं. हिशेब सोपा आहे. पहिल्या फवारणीनंतर सहाव्या-सातव्या दिवशी दुसरी, आणि तेवढ्याच अंतराने तिसरी. पहिल्या फवारणीनंतर कोंबड्या मुकाट खुराड्यात जाऊ लागतात, कापडावर काही उमटत नाही आणि बाटली कपाटात जाते. नेमकी त्याच आठवड्यात नवी पिढी भेगांत वयात येत असते. मोबाइलमध्ये तारीख लावून ठेवा, किडे दिसोत न दिसोत.

तीन फेऱ्या नीट करूनही त्याच औषधाने फरक पडत नसेल तर माइट त्या गटाच्या औषधाला सरावलेले असू शकतात. युरोपातल्या पोल्ट्रीत डेल्टामेथ्रिनच्या गटाला दाद न देणारे लाल माइट वर्षानुवर्षं नोंदले गेलेत. अशा वेळी मात्रा वाढवायची नाही, डॉक्टरांना विचारून औषधाचा गट बदलायचा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाता येत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या दवाखान्याची चौकशी करता येते. कोंबड्यांसाठी फोन केला म्हणून कुणी हसलं तर हसू द्या.

खुराडं रिकामं ठेवून माइट उपाशी मारू, हाही लोकप्रिय बेत. लाल माइट रक्ताशिवाय कित्येक महिने काढतो. मागच्या दिवाळीला कोंबड्या विकल्या आणि उन्हाळ्यात नवी पिल्लं आणली, तरी पहिल्याच रात्री त्यांचं स्वागत करायला तो हजर असतो. मराठवाडा, सोलापूरकडच्या कोरड्या भागात भेगांत चपटे, चामडीसारखे, रक्त प्यायल्यावर निळसर राखाडी दिसणारे मोठे किडे सापडले तर तो कोंबड्यांचा गोचीड, अर्गास. तो तर उपाशी वर्षानुवर्षं जगतो, आणि त्याच्यामुळे स्पायरोकीटोसिस नावाचा जीवघेणा ताप पसरतो. कोंबड्या हिरवट हगायला लागल्या, सुस्त पडून पटापट मरायला लागल्या आणि भेगांत असे गोचीड असतील तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कशाला हात लावायचा नाही हेही सांगायला हवं, कारण गावात सल्ल्यांची कमी नाही. जुनी माणसं अजून गॅमेक्झिन मागतात. त्या बीएचसी पावडरवर १९९७ पासून बंदी आहे. कार्बारिलची भुकटी जुन्या पुस्तिकांत कोंबड्यांसाठी सुचवलेली सापडते. तीही भारतात २०१८ पासून बंद. सगळ्यात धोकादायक म्हणजे भातावर मारायचं फिप्रोनिल उरलंय म्हणून ते खुराड्यात मारणं. २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये नेमकं लाल माइट मारायला पोल्ट्रीत फिप्रोनिल वापरलं गेलं, ते अंड्यांत उतरलं, शेकडो फार्म बंद करावे लागले आणि लाखो अंडी नष्ट झाली. तिथे निदान अंडी तपासली गेली. आपल्या परसातलं अंडं कोण तपासणार? ते सरळ नातवंडाच्या ताटात जातं.

आयव्हरमेक्टिन या जंत-गोचिडांवरच्या औषधाचंही तसंच. शेळ्यांसाठी आणलेल्या बाटलीतला एक थेंब कोंबडीच्या मानेवर टाकतात. अंगावरच्या माइटवर ते काम करतं, पण अंड्यात उतरतं. डॉक्टरांनी सांगितलं तरच, आणि ते सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत, विकायचीही नाहीत. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते हे खरं, पण ती डोळ्यात गेली तर माणसाचा काय, कोंबडीचाही डोळा जाऊ शकतो. मी तरी वापरत नाही.

खुडूक कोंबडीचा विषय वेगळा काढतो, कारण खरं नुकसान तिथे होतं. बाकीच्या कोंबड्यांना माइट रात्रीच चावतो. अंड्यांवर बसलेली कोंबडी २१ दिवस जवळपास सतत एका जागी, अंधाऱ्या कोपऱ्यात, पेंढ्याच्या पाटीत बसलेली असते. तिच्यावर दिवसरात्र जेवणावळी उठतात. दुसऱ्या आठवड्यात ती अंड्यांवरून उठते आणि आपण म्हणतो, ‘कोंबडी चांगली नाही, धीर नाही तिला’. किंवा ती नेटाने बसते, पिल्लं निघतात आणि चार दिवसांत एकेक मान टाकतं. इवल्याशा पिल्लात रक्त ते किती असणार!

म्हणून बसवायच्या आधीच तयारी करा. पाटी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवा. वेताच्या विणीपेक्षा प्लास्टिकचं घमेलं किंवा मातीची कुंडी बरी, तिला भेगा नसतात. तळाला चाळलेली वाळू आणि चुलीची कोरडी राख, वर ताजं वाळलं गवत. कोंबडीला बसवण्याआधी अंगावर किडे आहेत का ते बघून घ्या. निरगुडीचा पाला घालायची आपल्याकडे पद्धत आहे, हरकत नाही, पण तो घातला म्हणजे तपासणी टाळायची असं नाही. पिल्लं निघाली की गवत लगेच जाळा. मधल्या काळात ती दाणे खायला उठते तेव्हा गवताखाली बोट फिरवून बघा. किडे दिसले तर ती परत यायच्या आत अंडी नव्या घमेल्यात हलवता येतात, फक्त घमेलं त्याच जागी ठेवा, नाहीतर ती जुनीच जागा शोधत बसेल.

राख-मातीचं स्नान हा कोंबडीचा स्वतःचा इलाज. कोरड्या मातीत लोळून ती अंगावरच्या उवा आणि माइट बऱ्यापैकी कमी करते. कोकणात जून ते सप्टेंबर परसात कोरडी मूठभर मातीही नसते, चार महिने हे स्नान बंद. पाऊस ओसरून ऑक्टोबरची उष्मा सुरू झाली की हवा माइटला मानवणारी आणि कोंबड्या आधीच बेजार. मे महिन्यातच बारीक माती आणि चाळलेली राख पोत्यात भरून ठेवा आणि पावसाळ्यात पडवीत जुन्या टायरमध्ये नाहीतर पसरट घमेल्यात ती ठेवा. गंधकाची थोडी भुकटी मिसळली तर अंगावर राहणाऱ्या माइटवर चांगला परिणाम दिसतो. राख भिजली तर फेकून द्या, ओली राख कातडीला चरचरते. डायटोमेशियस अर्थ नावाची भुकटी आता ऑनलाइन मिळते. ती कोरड्या हवेत ठीक, पण दमट हवेत निम्मी निकामी, आणि ती उधळताना आपल्या फुफ्फुसात जाते. सोलापूरला घ्या, सावंतवाडीला पैसे वाचवा.

परत येणं रोखायला एक जुनी युक्ती जास्त उपयोगी पडते. दांडी भिंतीत न रोवता स्वतंत्र घोड्यावर (चार पायांच्या लाकडी आधारावर) ठेवा, भिंतीला कुठेही स्पर्श नको. घोड्याचे चारही पाय डब्याच्या झाकणांत उभे करून त्यात वापरलेलं इंजिन ऑइल घाला. जाळीचं कपाट मुंग्यांपासून वाचवायला आजी पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची, तोच हिशेब. भिंतीतला माइट दांडीपर्यंत पोचतच नाही. झाकणावर जाळी ठेवा, नाहीतर कोंबडी त्यात चोच घालेल.

आणि नजर ठेवायला सापळा: खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याची सुरळी करून प्लास्टिकच्या नळीच्या तुकड्यात सरकवा आणि दांडीच्या टोकाला खालून बांधा. दोन दिवसांनी काढून पांढऱ्या कागदावर आपटा, मग पुठ्ठा जाळा. महिन्यातून एकदा हे केलं तर वाढ व्हायच्या आधीच कळतं. चार-पाच किडे दिसले की उकळत्या पाण्यावर भागतं, तेव्हा कुठलीच बाटली लागत नाही.

पायातल्या माइटचं थोडक्यात. नेमिडोकॉप्टिस म्युटान्स खवल्यांखाली बोगदे करून राहतो. कोमट साबणाच्या पाण्यात पाय पाच-दहा मिनिटं भिजवा, मऊ ब्रशने सुटेल तेवढंच काढा, ओढून खवले उपटू नका, रक्त येतं. मग खोबरेल किंवा व्हॅसलीन जाड थापा म्हणजे आतला किडा गुदमरतो. आठवड्यातून दोन-तीनदा, महिनाभर तरी. रॉकेल आणि जळकं ऑइल पायाला लावू नका. एकीला झालं तर तिच्याशेजारी बसणाऱ्या सगळ्यांचे पाय बघा, तो दांडीवरून पसरतो.

एवढं करूनही सापळ्यात किडे येतच असतील तर वर बघा. कौलांत चिमणीचं, साळुंकीचं किंवा पारव्याचं घरटं आहे का? पिल्लं उडून गेली की घरट्यातले उपाशी माइट खाली उतरतात. घरट्यात अंडी-पिल्लं असेपर्यंत हात लावू नका, रिकामं झाल्यावर काढा आणि फट जाळीने बंद करा. दुसरा रस्ता आठवडी बाजाराचा. विकत आणलेली तलंग त्याच संध्याकाळी बाकीच्यांबरोबर डालायची नाही. दोन आठवडे लांब, वेगळ्या डालग्यात. ज्या खोक्यातून किंवा पिशवीतून आणली ते जाळा, आणि पहिल्याच रात्री बॅटरी घेऊन तिच्या शेपटीखाली, पंखाखाली आणि पायांच्या खवल्यांवर नजर टाका.